बोडीतले घण

‘घण सकाळी बरा राहते. उन्हं चढली का ढिला होते,’ कनातीपलीकडून कोणीतरी म्हणालं.

‘आपल्या गुरुजीचा हात तं सकाळपासूनच ढिला,’ दुसरा म्हणाला. तिघे-चौघे हसले.

पटले गुरुजी माझ्यासमोर स्टुलावर बसले होते. त्यांच्या डाव्या अंगठ्याचं नख काळंनिळं झालं होतं आणि मी त्यावर पट्टी गुंडाळत होते. कापडी कनातीतून सगळं ऐकू येतं. त्यांनीही ऐकलं होतं. त्यांनी मान खाली घातली. मी रजिस्टर ओढलं आणि लिहिलं: सॅपर पटले, डावा अंगठा, हातोडीचा मार, सकाळी ७:१०. पाच दिवसांतली त्यांची ही चौथी नोंद होती.

मी तेव्हा मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये लेफ्टनंट होते. वय तेवीस. साल चौपन्न, मे महिना. एरवी नर्सिंग ऑफिसरला हॉस्पिटल सोडून तंबूत पाठवत नाहीत. पण त्या उन्हाळ्यात गोंदियाजवळच्या गोरेगावच्या आसपासच्या खेड्यांत देवीचे रोगी सापडले होते. जवानांना आणि गावकऱ्यांना टोचायचं होतं, म्हणून कामठीहून मला महिनाभरासाठी तिथल्या कॅम्पवर पाठवलं. डॉक्टर आठवड्यातून दोनदा गोंदियाहून येत. बाकीचे दिवस दवाखान्याचा तंबू माझ्या ताब्यात. त्याला आम्ही एम. आय. रूम म्हणत असू. मी राहायला अर्ध्या मैलावरच्या रेस्ट हाउसमध्ये. सोबतीला सुभद्राबाई नावाची जवळच्याच गावची बाई दिली होती. ती रात्री माझ्या खोलीच्या दाराशी निजायची आणि दिवसा तंबूत पाणी उकळायची.

कॅम्प टेरिटोरियल आर्मीच्या एका इंजिनिअर कंपनीचा होता. टेरिटोरियल म्हणजे वर्षभर आपापला धंदा करणारी आणि वर्षातून महिनाभर वर्दी घालणारी माणसं. इंजिनिअर कंपनी म्हटलं की सुतार, लोहार, मिस्त्री असावेत. या कंपनीत भरती झाले ते गोंदियाचे कापडदुकानातले विक्रेते, भाताच्या गिरण्यांतले कारकून, रेल्वेचे दोन बुकिंग क्लार्क आणि सुट्टी लागलेले सात शाळामास्तर. हात शाईचे आणि हुद्दा सॅपरचा, म्हणजे पूल-रस्ते बांधणाऱ्या जवानाचा. या ऐंशी माणसांनी गोरेगावच्या पलीकडच्या नाल्यावर पावसाआधी लाकडी पूल बांधायचा होता.

त्यांना शिकवायला नियमित सैन्यातला एक इन्स्ट्रक्टर दिला होता. हवालदार शेलार, साताऱ्याकडचे. वय चाळिशीचं, अंगाने बारीक, आवाज खर्जातला. ते कोणाला शिवी देत नसत. सॅपर पटले खिळ्याऐवजी अंगठ्यावर हातोडी मारत, तेव्हा ते एवढंच म्हणत, ‘मास्तर, खिळा सरकारचा हाय, अंगठा तुमचा. दोन्ही जपा.’

दिनक्रम ठरलेला होता. पहाटे साडेचारला रिव्हेली, म्हणजे उठवणारा बिगुल. साडेपाचला हत्यारांची तपासणी. पावणेसहा ते बारा नाल्यावर काम. दुपारनंतर उन्हामुळे काम बंद, आंब्याखाली वर्ग. माझी सिक रिपोर्ट, म्हणजे आजारी जवानांची तपासणी, पाच वाजता, पण खरी गर्दी काम सुरू झाल्यावर व्हायची.

त्या गर्दीबद्दल थोडं सांगते, कारण त्या महिन्यात आम्ही खूप हसलो.

जयस्वाल नावाचा एक सॅपर गोंदियाच्या कापडदुकानात होता. त्याला तुळया मापून कापायचं काम दिलं. तिसऱ्या दिवशी एकही तुळई दुसरीशी जुळेना. प्रत्येक मापापेक्षा लांब, आणि प्रत्येक वेगळी. हवालदारांनी विचारलं, तेव्हा जयस्वाल शांतपणे म्हणाला, ‘चार उंगल जादा दिया है, साब. ग्राहक का मन रखना पड़ता है.’ वीस वर्षं गज धरून कापड मापलेला तो हात लाकडालाही वरकड सोडत होता.

दोघा मास्तरांना बोल्ट आवळायला बसवलं. एक अलीकडून पान्याने नट फिरवत होता. पलीकडचा दुसऱ्या पान्याने बोल्टचं डोकं त्याच दिशेने फिरवत होता, मदत म्हणून. अख्खा बोल्ट पाऊण तास भोकात गरगरत राहिला. दोघांच्याही हाताला फोड आले. मी ती नोंद कशी लिहावी या विचारात बराच वेळ पेन धरून बसले होते.

पटले गुरुजींनी एका खोक्याचं झाकण ठोकलं, तेव्हा आपल्या वर्दीची बाहीही त्यासोबत ठोकली आणि ‘विश्राम’चा हुकूम आल्यावर खोक्यासकट उठले. ते गोरेगावजवळच्या शाळेत चौथीला शिकवत. अक्षर मोत्यासारखं. कॅम्पच्या सगळ्या पाट्या त्यांनीच लिहिल्या होत्या. हत्यार हातात आलं की मात्र तेच हात दुसऱ्याचे असल्यासारखे वागत.

मी हसत होते, पण आतून मला त्यांची बाजू कळत होती. माझं शिक्षण जबलपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये झालं. तिथे आम्हाला रुमालावर फुलं काढायला शिकवलं, डबा उघडायला नाही. कॅम्पवर पहिल्याच दिवशी दुधाचा डबा उघडताना मी माझा तळवा कापून घेतला. स्वतःच पट्टी बांधली. ती नोंद रजिस्टरमध्ये नाही. स्टोव्हचा पंप मी दुसऱ्या दिवशी मोडला, तेव्हापासून स्टोव्ह सुभद्राबाई पेटवायची. मेसमध्ये हे कळलं होतं. त्यामुळे हत्यारांच्या बाबतीत मी काही बोलावं, अशी माझी जागा नव्हती. निदान मला तसं वाटायचं. एरवीही चार लोकांत बोलायची वेळ आली की मी दुसऱ्याला पुढे करायचे.

नवव्या दिवशी मी आठवड्याचा गोषवारा करायला बसले. तो डॉक्टरांना द्यावा लागे. कोणाला कशाने लागलं याचे ढीग मी वेगळे केले. हातोडीचे अंगठे सगळ्यात जास्त, दिवसभरात कधीही. करवतीचे ओरखडे तसेच. मग राहिल्या चार नोंदी. घणाचं डोकं दांड्यातून निसटून पायावर पडलं, १०:२०. डोकं निसटून नडगीला घासून गेलं, १०:५०. पुन्हा पाय, ११:०५. खांद्याला ओझरतं, ११:३५.

दहाच्या आधीची एकही नव्हती.

मी रजिस्टर मागे उलटून पाहिलं. दहाच्या आधी घण चालतच नसतील, असं म्हणावं, तर तसं नव्हतं. खुंट ठोकायचं काम पावणेसहापासूनच सुरू व्हायचं. पुलाचे दोर ताणून बांधायला जाड लाकडी खुंट जमिनीत खोल ठोकावे लागतात. त्यांना पिकेट म्हणतात. एकजण पिकेट धरतो, दुसरा घण घालतो. आमच्या कंपनीत पिकेट धरायला कोणी तयार नव्हतं. एकाने तर स्वयंपाक्याची सांडशी आणली होती. शेवटी हवालदार शेलार स्वतः गुडघ्यावर बसून पिकेट धरू लागले. रोज, सगळे.

म्हणजे निसटलेलं डोकं चार वेळा पाय, नडगी, खांदा असं गेलं होतं, आणि प्रत्येक वेळी त्या जागेपासून हातभर अंतरावर हवालदार शेलारांचं डोकं होतं.

त्या संध्याकाळी सुभद्राबाईसोबत रेस्ट हाउसला जाताना आम्ही बोडीच्या काठाने निघालो. बोडी म्हणजे धानाच्या शेतांना पाणी देणारं लहान तळं. मे महिन्यातही तिच्यात कंबरभर पाणी होतं. काठावर दगडाखाली सुतळ्या दाबलेल्या दिसल्या. एक ओढून पाहिली. वर घणाचा दांडा आला, खाली पाण्यात डोकं.

मी सुभद्राबाईला विचारलं. तिने एका नजरेत ओळखलं. सैल झालेला दांडा रात्रभर पाण्यात ठेवला की फुगतो आणि घट्ट बसतो, हे या भागात पोरासोरांनाही माहीत असतं, असं ती म्हणाली. हवालदारांनी तिसऱ्या दिवशी ताकीद दिली होती की ज्याचं हत्यार तपासणीत सैल निघेल, त्याला नालायक ठरवून घरी पाठवीन. तेव्हापासून ही मंडळी संध्याकाळी घण बोडीत सोडत, पहाटे काढून पुसत आणि वरून तेलाचा बोळा फिरवत. साडेपाचच्या तपासणीत सगळे घण घट्ट. हवालदार खूश. ‘आता कुठं हत्यार सांभाळाया शिकलात,’ असं ते म्हणाल्याचं मी स्वतः ऐकलं होतं.

‘मग दहानंतर काय होतं?’ मी विचारलं.

‘यायच्या बापाले पुरं माहीत असन. यायले अर्धंच माहीत आहे,’ सुभद्राबाई म्हणाली. ‘पान्यात ठेवलेला दांडा चिखलातच वापराव लागते, बाई. धानाच्या रोवन्याच्या वक्ती तो दिवसभर ओलाच राहते. उन्हात नेला तं सुकून पयल्याहून ढिला होते.’

ती हे त्यांना का सांगत नाही, असं मी विचारलं. ती माझ्याकडे बघतच राहिली.

‘मी कोन सांगनारी? मी भांडे घासतो. तुमी साहेब आहा. तुमी सांगा.’

दुसऱ्या दिवशी सकाळी पटले गुरुजी पट्टी बदलायला आले. मी बोडीचा विषय काढला. त्यांचा चेहरा उतरला. ते म्हणाले की ही युक्ती त्यांनीच सुचवली होती. कॅम्पमध्ये त्यांनी सुचवलेली आणि सगळ्यांनी मानलेली तेवढी एकच गोष्ट.

‘हवालदारसाहेबाले सांगू नोका जी,’ ते म्हणाले. ‘पयले मलेच घरी पाठवतीन. शाळेतले पोरं इथं येऊन पूल पाहून राहिले. त्यायले काय सांगू?’

मी हो किंवा नाही काहीच म्हणाले नाही. माझ्या स्वभावाला ते सोपं होतं.

तरी मी एकदा प्रयत्न केला. हे लिहिताना मला स्वतःला सवलत द्यायची नाही, पण तो केला. अकराव्या दिवशी मेसमध्ये जेवताना मी कॅप्टन नायरांना म्हणाले, ‘सर, घणांबद्दल थोडं बोलायचं होतं.’ नायर कंपनीचे दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी होते, कामाला कडक, मनाने वाईट नव्हेत. त्यांनी चमचा खाली ठेवला आणि हसून म्हणाले, ‘सिस्टर, अंगठे तुमचे, घण आमचे.’ टेबलावरचे सगळे हसले. कोणीतरी स्टोव्हच्या पंपाची आठवण काढली. मीही हसले आणि वरण वाढून घेतलं.

त्यानंतर आठ दिवस गेले. या आठ दिवसांत मी काय केलं, ते सांगते. रोज पावणेदहाला मी तंबूच्या दारात उभी राहायचे. नाला तिथून दोनशे यार्ड. घणाचा आवाज मोजायचे. आवाज थांबला की श्वास रोखायचे. पुन्हा सुरू झाला की आत जायचे. पट्ट्या, टिंक्चर, स्प्लिंट हे सगळं मी दहाच्या आधी टेबलावर मांडून ठेवू लागले. सुभद्राबाईने एकदा विचारलं, ‘रोज कोनाची वाट पाहून राहिल्या?’ मी पट्ट्या पुन्हा मोजायला लागले. हवालदारांना सांगायचं वाक्य मी मनात तयार केलं होतं. हिंदीत, मग मराठीत. दोनदा ते तंबूत आले, एकदा त्यांच्या डोळ्यात कुसळ गेलं म्हणून. मी त्यांचा डोळा धुतला. त्यांचा चेहरा माझ्यापासून वीतभर अंतरावर होता आणि वाक्य ओठांवर होतं. ते म्हणाले, ‘सिस्टरसाहेब, तुमचा हात हलका हाय. आमच्या मास्तरला उसना द्या.’ मी हसले. ते गेले.

त्या आठ दिवसांत घण दोनदा निसटले. एक पाण्याच्या ड्रमला लागला. ड्रमला पोचा आला. दुसरा वाळूत पडला. कोणाला लागलं नाही, म्हणून रजिस्टरमध्ये नोंद नाही. हवालदारांनी दोन्ही घण उचलून पाहिले, पाचर ठोकून बसवली आणि म्हणाले की दांडा पिकेटवर आपटला की डोकं हलतं, पकड सुधारा. दुसऱ्या पहाटे तपासणीत ते दोन्ही पुन्हा घट्ट होते.

विसाव्या दिवशी ब्रिगेडियरसाहेब पूल बघायला येणार होते. वेळ सकाळी आठ. एक शेवटची पिकेट त्यांच्यासमोर ठोकायची, दोर ताणायचा, आणि मग पुलावरून जीप न्यायची, असा कार्यक्रम. घण घालायला हवालदारांनी पटले गुरुजींना निवडलं होतं. मागचे पाच दिवस त्यांनी गुरुजींना दुपारी आंब्याखाली एकट्याला बसवून शिकवलं होतं. पोत्यात रेती भरून त्यावर घण घालायला लावायचे. ‘नजर पिकेटवर, मास्तर. हाताला ठाव असतंय. त्याला शिकवू नका, नुस्तं जाऊ द्या.’ गुरुजींचा घण आता सरळ पडू लागला होता. त्यांनी हे मला स्वतः येऊन सांगितलं होतं, पट्टी नसलेला अंगठा दाखवत.

पावणेआठला हत्यारं ताडपत्रीवर ओळीने मांडली. घासलेली, तेल लावलेली, प्रत्येकाचा दांडा एकाच दिशेला. कॅप्टन नायरांनी हुकूम दिला, मांडणीला कोणी हात लावायचा नाही.

आठ वाजले. जीप आली नाही. साडेआठला वायरलेसवर निरोप आला: सडक अर्जुनीच्या पुढे गाडी नादुरुस्त, विलंब होईल. नायरांनी विचारलं, किती. उत्तर आलं, ‘वेट. आउट.’ म्हणजे थांबा, पुढे कळवू.

जवान रांगेत उभे राहिले. नंतर सावलीत बसवले. घण ताडपत्रीवर तसेच. नऊ. साडेनऊ. ऊन थेट त्यांच्यावर पडत होतं. मी तंबूच्या दारातून घड्याळ आणि ताडपत्री आळीपाळीने बघत होते. दहा वाजता मी सुभद्राबाईला सांगितलं की मी जाऊन येते. टोपी घातली आणि चालत निघाले. ते दोनशे यार्ड मला अजून आठवतात. ताडपत्रीपासून दहा पावलांवर मी थांबले. जवळच पाण्याची बादली होती.

कॅप्टन नायर वळले. ‘काही हवंय, सिस्टर?’

ऐंशी माणसं माझ्याकडे बघत होती. हवालदार शेलारही.

‘जवानांना पाणी द्यावं, सर,’ मी म्हणाले. ‘ऊन फार आहे.’

‘गुड,’ ते म्हणाले. बादली रांगेतून फिरली. सगळे पाणी प्यायले. हवालदारांनी मला हात जोडले. मी परत आले.

ब्रिगेडियरसाहेब ११:२० ला आले. त्यांना पुढे जायचं होतं. कार्यक्रम लगेच सुरू झाला, पुन्हा तपासणी झाली नाही. हवालदार शेलार गुडघ्यावर बसले आणि त्यांनी पिकेट दोन्ही हातांनी धरली. गुरुजींनी ताडपत्रीवरचा पहिला घण उचलला. पहिला घाव सरळ पडला. दुसराही. तिसऱ्या वेळी घण वर गेला आणि खाली आला तो नुसता दांडा.

वेळ ११:२६.

मी पळत गेले. हवालदारांच्या डाव्या कानशिलावर लागलं होतं. ते शुद्धीवर होते. मी पट्टी दाबून धरली, मान स्थिर केली, डॉक्टरांना निरोप पाठवायला सांगितलं. ११:४० ला त्यांना ट्रकमध्ये घेतलं आणि आम्ही गोंदियाच्या रस्त्याला लागलो. मी खाली बसले होते, त्यांचं डोकं माझ्या मांडीवर. गोरेगाव मागे पडलं तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

‘मास्तरला सांगा,’ ते म्हणाले, ‘हात सरळ पडला व्हता.’

पुढे बोलले नाहीत. नाडी १२:१० ला थांबली. ड्रायव्हरला मी लगेच सांगितलं नाही. तो वेगात चालवत होता आणि रस्ता खराब होता.

त्यांचं सामान माझ्यासमोर बांधलं गेलं, कारण यादीवर सही करायला कोणी मोकळं नव्हतं. दोन वर्दी, एक कांबळं, मुलीने पाठवलेली तीन पत्रं, आणि एक छोटी हातोडी, त्यांच्या स्वतःच्या पैशाची. तिचा दांडा गुळगुळीत झाला होता. डोक्यात लोखंडी पाचर बसवलेली होती. मी ती हलवून पाहिली. तसूभरही हलत नव्हती.

तो पूल त्या पावसाळ्यात उभा होता. नंतर तिथे सरकारने सिमेंटचा बांधला. त्यावर कोणाचं नाव नाही. मी नोकरी सोडून दोन वर्षं झाली. लोक मला लष्करातल्या आठवणी विचारतात, तेव्हा मी जयस्वालच्या चार बोटांची गोष्ट सांगते. सगळे हसतात. हवालदार शेलारांचं नाव मी एवढी वर्षं काढत नव्हते, म्हणून इथे लिहिते आहे.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी अपघाताच्या तिसऱ्या दिवशी बसली. मेसचा तंबू, सकाळी दहा. बाहेरून आलेले एक मेजर अध्यक्ष, दोन सदस्य. पटले गुरुजी बाहेर कनातीला लागून बाकावर बसले होते, पट्टा काढून घेतलेला. त्यांनी तीन दिवस अन्न घेतलं नव्हतं. मी ट्रकमधलं ते वाक्य त्यांना सांगायला दोनदा गेले होते आणि दोनदा परतले होते. ते सांगितलं असतं, तर घण का निसटला हेही सांगावं लागलं असतं.

तीन साक्षी झाल्या. तिघांनीही खरंच सांगितलं. गुरुजींच्या हाताला हत्यार लागत नाही, सगळ्या कॅम्पला माहीत आहे. खोक्यासकट उठल्याची गोष्टही कोणीतरी सांगितली. या वेळी कोणी हसलं नाही. मग मला बोलावलं. टेबलावर माझं रजिस्टर उघडं होतं.

मेजरसाहेबांनी पटलेंच्या नोंदी एकेक करून वाचल्या. अंगठा, अंगठा, तर्जनी, अंगठा. एकूण अकरा. त्यांनी विचारलं की नोंदी माझ्या हातच्या आहेत का. मी हो म्हणाले. ते सदस्यांना म्हणाले की प्रकरण स्पष्ट आहे, अशा माणसाच्या हाती घण द्यायलाच नको होता, आणि निष्काळजीपणाचा ठपका ठेवावा लागेल. त्यांनी पेन माझ्यापुढे केलं. अक्षर माझं असल्याची सही करायची होती. एवढंच माझं काम.

मी पेन हातात घेतलं. कॅप्टन नायर कोपऱ्यात उभे होते, जमिनीकडे बघत. बाहेर बाकाचा आवाज झाला. कनातीतून सगळं ऐकू जातं, हे मला पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं. मी पेन खाली ठेवलं आणि मला येतं त्याहून मोठ्या आवाजात बोलले.

‘सर, सही करते. पण तुम्ही एक रकाना वाचला नाही, वेळेचा. या अपघाताआधी घणाच्या चार नोंदी आहेत आणि चारही दहानंतरच्या. घण रात्री बोडीत ठेवत होते आणि ते उन्हात सुकून सैल होत होते. गुरुजींचा हात सरळ पडला होता, हे हवालदार शेलारांनी मला मरताना सांगितलं. त्या दिवशी दहा वाजता मी ताडपत्रीपाशी पाण्याचं सांगायला आले नव्हते, सर. हे सांगायला आले होते. मला आधीपासून माहीत होतं, आणि मी बोलले नाही.’